भाषाविज्ञानाची सुपारी

दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची खोड मला लहानपणापासून आहे. बसमध्ये पुढच्या सीटवर दोन बायका बोलत असल्या की मी खिडकीबाहेर बघायचं नाटक करते आणि कान त्यांच्याकडे ठेवते. जालन्याच्या बसस्टँडवर गाडी उशिरा आली तर लोक वैतागतात, मला मात्र बरं वाटतं. आई म्हणायची, "या पोरीचे कान एक दिवस कुणीतरी उपटून हातात देईल." तसं काही झालं नाही. उलट बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला एक सर शिकवायला आले आणि त्यांच्याकडून मला कळलं की जगात काही लोक हेच काम करतात, त्याला भाषाविज्ञान म्हणतात आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही.

सरांनी आम्हाला पहिलं काम दिलं ते असं : आपल्याकडं माणसं एकमेकांचा निरोप कसा घेतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायचं. ज्यांचं रेकॉर्ड करायचं त्यांना आधी विचारायचं. मी माझ्या मोठ्या काकांना विचारलं. मोठे काका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. ते कुंभार पिंपळगावला शेती बघतात आणि काही काम निघालं की आमच्याकडे जालन्याला येतात. "कर की, मी काय चोरी करून राह्यलो का?" काका म्हणाले आणि पाच मिनिटांत मोबाइल विसरून गेले.

ते रेकॉर्डिंग मी अजून जपून ठेवलंय. काका सोफ्यावरून "चला, येतो मंग" म्हणत उठतात आणि परत बसतात. मग दारापर्यंत जातात, तिथं त्यांना बोअरच्या मोटरीचं आठवतं. फाटकापाशी आई काकूच्या गुडघ्याची चौकशी करते, त्यावर गुडघ्याचं सगळं सांगून होतं. शेवटी काका जीपमध्ये बसतात, गाडी चालू करतात, आणि गाडी धडधडत असताना काचेतून मान बाहेर काढून पप्पांना म्हणतात, "बरं, पोराचं लग्न जमून राह्यलंय. रविवारी ये." ज्या कामासाठी ते सत्तर किलोमीटर आले होते ते काम त्यांनी गिअर टाकता टाकता सांगितलं.

वर्गात हे ऐकून सगळे पोट धरून हसले. सर पण हसले, पण मग त्यांनी ते पुन्हा लावलं आणि प्रश्न विचारायला लागले. पहिल्यांदा 'चला' कुणी म्हणायचं, पाहुण्यानं की घरच्यांनी? घरच्यांनी म्हटलं तर काय होईल? महत्त्वाची गोष्ट फाटकापाशीच का निघते? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं आणि इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आपण रोज करतो त्या गोष्टीला असे कायदे आहेत, ते कुणी लिहिलेले नाहीत आणि तरी सगळे पाळतात! त्या दिवशी मी कॉलेजातून चालत घरी आले आणि वाटेतल्या प्रत्येक फाटकापाशी थांबलेली माणसं बघत आले.

दुसऱ्या वर्षाला मायनर निवडायचा असतो. मुख्य विषय माझा अर्थशास्त्र होता, त्याच्या जोडीला आणखी एक. पप्पा सरकारी कार्यालयात लिपिक आहेत, त्यांनी माझ्यासाठी लोकप्रशासन ठरवून ठेवलं होतं. स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो म्हणून. मी जेवताना सांगून टाकलं, "मी भाषाविज्ञान घेणार."

"ते घेऊन काय करणार?"

"शिकणार."

"शिकून काय करणार?"

"पप्पा, लोकप्रशासन घेऊन मी काय करणार ते तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही रोज लोकप्रशासनातच जाता आणि घरी येऊन त्याच्या नावानं बोटं मोडता."

आईनं हसू दाबायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पप्पांनी ताटावरून मान वर केली नाही. तसेच म्हणाले, "मोठ्या काकांना विचारू." आमच्या घरात विषय अंगाशी आला की तो कुंभार पिंपळगावला पाठवतात.

तिथं काय होणार ते मला माहीत होतं. बैठक होणार. काकांनी बैठकीशिवाय आयुष्यात काही ठरवलेलं नाही. ट्रॅक्टर घ्यायचा असो, बोअर पाडायचा असो, ओसरीवर सतरंजी पडते, भावकीतली चार माणसं येतात, चहा होतो, सगळ्यांचं एकमत होतं आणि मग सुपारी फुटते. लग्न ठरताना सुपारी फोडायची रीत आमच्याकडं सगळीकडंच आहे, पण ट्रॅक्टरसाठी सुपारी फोडणारे आमचे काका एकटेच. आणि फुटली की फुटली. त्यानंतर मागं फिरणं म्हणजे ठरलेली सोयरीक मोडणं.

रविवारी आम्ही गेलो. सतरंजी पडलेलीच होती. टोप्या घातलेले तिघेजण भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्यासमोर मला बसवलं. असं समोर बसवून मुलींना एरवी दुसरंच काही विचारतात.

"हा इषय कुठला?" एकानं विचारलं.

"कुठला म्हणजे?"

"म्हणजे आपल्या भागात कुणी केलाय का? चौकशी कुणाकडं करावी?"

"शिकवणारे कसे हायेत?" दुसऱ्यानं विचारलं. "पर्मनंट हायेत का?"

"नाहीत. तासिकेवर आहेत."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. नवऱ्या मुलाला नोकरी नाही कळल्यावर बघतात तसंच. मला राग आला. बोलून काही उपयोग नाही हे कळत होतं, म्हणून मी मोबाइल काढला आणि काकांचं ते निरोपाचं रेकॉर्डिंग लावलं.

पहिल्या "चला, येतो मंग" लाच काकांनी कान टवकारले. मोटरीचं आलं तेव्हा भावकीत खुसखुस सुरू झाली. गुडघ्याला तर स्वयंपाकघरातून काकूचाच आवाज आला, "अगं बाई, माझा गुडघा सगळ्या कॉलेजानं ऐकला का?" आणि शेवटी गाडी धडधडायला लागली तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "बिलकुल असंच! हा माझ्या घरून बी असाच जातो," तो काकांकडे बोट दाखवून म्हणाला. काकांनी ते परत लावायला सांगितलं. मग परत. तिसऱ्यांदा ऐकून ते गंभीर झाले.

"आन ह्याचा अभ्यास करतेत?"

"हो काका."

"म्हणजे आपुन बोलतो ते बराबर हाय का न्हाई, हे तपासतेत?"

"नाही. बरोबरच आहे. ते तसं का आहे, हे बघतात."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी पानाचं तबक ओढलं, सुपारी घेतली आणि फोडली. "ठरलं," ते म्हणाले. पप्पांनी एक उसासा सोडला आणि लोकप्रशासनाचं नाव पुन्हा काढलं नाही.

कपबशा उचलायला माझी वहिनी आली. जीपच्या काचेतून ज्या लग्नाची बातमी सांगितली गेली, त्या लग्नाची ही नवरी. माझ्याच वयाची. लग्नाआधी पहिलं वर्ष ती माझ्याच कॉलेजात शिकली होती, लग्नानंतर नाव चालू ठेवलं होतं, परीक्षेपुरतं. ती वाकून कप गोळा करत होती. हळूच म्हणाली, "ताई, त्याच्यात वर्गात बसावं लागतं, का नुसती परीक्षा?"

"बसावंच लागतं. आठवड्यातून दोन दिवस. प्रात्यक्षिक असतं ना."

"हां," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

मी सोमवारी कॉलेजच्या पोर्टलवर मायनर भरला. काकांनी तोवर आठवडी बाजारात निम्म्या गावाला सांगून टाकलं होतं की पोरीचा विषय ठरला. आणि बुधवारी सरांनी मला थांबवून सांगितलं की भाषाविज्ञान बहुतेक सुरू होणार नाही. वीस जण तरी लागतात, तेराच झालेत. शनिवारी रात्री पोर्टल बंद होणार. "तू दुसरा विषय बघून ठेव," सर म्हणाले. त्यांचेही तास जाणार होते, पण ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. मी घरी येऊन ढसाढसा रडले. लहान मुलांसारखी, आवाज करून. इतकं हवंसं वाटलेलं मला आयुष्यात दुसरं काही नव्हतं, आणि ते सात माणसांमुळं अडलं होतं.

पप्पांना लोकप्रशासन आठवलं असणार, पण माझा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं आणि काकांना फोन लावला. फोनमधून काकांचा आवाज अख्ख्या खोलीत ऐकू आला. "न्हाई म्हणजे? सुपारी फुटलीय!"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्राचार्य मॅडमच्या केबिनबाहेर काका हजर. बरोबर बैठकीतले तिघेही, इस्त्रीचे कपडे घालून. पप्पा अर्धी रजा टाकून आले होते आणि भिंतीत शिरता आलं तर बरं अशा बेतानं उभे होते.

"मॅडम, आमची सुपारी फुटलेली हाय," काकांनी खुर्चीवर बसता बसता सुरू केलं. "आता तुम्ही न्हाई म्हणून राह्यल्या तर आम्ही भावकीत तोंड कसं दाखवावं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, त्यांचा चेहरा उतरला. "हिचं लग्न ठरवलं? अहो, हुशार मुलगी आहे, निदान पदवी तरी होऊ द्या."

"लग्न कुठलं! हिचं भाषाविज्ञानाशी ठरलंय."

मॅडमना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी चहा मागवला, आणि हसू आवरत नियम समजावून सांगितला. वीस म्हणजे वीस. त्यांच्या हातात काही नव्हतं. काकांनी नियम शांतपणे ऐकून घेतला. बैठकीत समोरच्यानं अट घातली की त्यांना उलट बरं वाटतं. "म्हणजे सात कमी," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत आणतो."

त्यानंतरचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार मजेचे गेले. ज्यांनी अजून मायनर भरला नव्हता त्यांची नावं मी काढली आणि काकांच्या जीपमधून आम्ही घरोघर फिरलो. जालन्यात, अंबडला, घनसावंगीकडच्या खेड्यांत. मुलांना पटवणं सोपं होतं, त्यांना मी रेकॉर्डिंग ऐकवायचे. खरी अडचण आईवडिलांची. तिथं काका पुढं व्हायचे. आधी पाणी मागायचे, मग पाऊसपाणी, मग सोयाबीनचा भाव, मग कोण कुणाचा पाहुणा लागतो ते शोधायचं. विषयाचं अक्षर काढायचे नाहीत. मी आतून नुसती तडफडत असायचे. आणि मग निघताना, फाटकापाशी, चपला घालता घालता म्हणायचे, "बरं, पोरीचं नाव आमच्या वर्गात टाका. चांगला इषय हाय. सर लई भले हायेत." लोक हो म्हणायचे! फाटकात उभं राहून कुणी वाद घालत नाही, हे काकांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं. एका घरी मात्र फाटकच नव्हतं, तिथं त्यांची पंचाईत झाली आणि ते नाव गेलं.

शनिवारी दुपारपर्यंत आम्ही अठरावर पोचलो. एकोणिसावं नाव शहागडला मिळणार होतं. तिथं हायवेवर एकाचं हॉटेल आहे, ट्रकवाले थांबतात तसलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. ते स्वतः गल्ल्यावर बसून एका ड्रायव्हरशी तेलुगूत आणि दुसऱ्याशी हिंदीत बोलत होते. काकांनी पाणी मागितलं, पाऊसपाणी झालं, भाव झाला, आणि जीपपाशी आल्यावर काकांनी मुद्दा काढला.

हॉटेलवाले लगेच म्हणाले, "टाका की नाव. पोरीनं मला सांगितल्तं. चांगलं हाय." मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसले. "पण एक इचारतो, राग मानू नका. तुमची सून बी त्याच कॉलेजात हाय ना? माझी पोरगी सांगत होती, हजेरीला नाव ऐकू येतं, माणूस दिसत न्हाई. तिचं नाव न्हाई टाकलं का तुम्ही?"

काकांनी जीपचं दार उघडलं आणि परत लावलं. हॉटेलवाल्यांनी टोमणा मारला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. काकांनी कसाबसा रामराम केला आणि लगेच गाडी काढली. निरोप तेवढ्यात संपला.

जीप जालन्याकडं न वळता कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला लागली. एक नाव कमी होतं आणि ते कुठं आहे ते आम्हा दोघांनाही आता माहीत होतं. मला बोलायचं होतं, पण मला वाटलं मी बोलले तर ते माझ्या फायद्याचं बोलणं होईल. वहिनीनं कप उचलताना विचारलेला प्रश्न मला आता नीट ऐकू आला. तिनं तो माझ्यासाठी विचारला नव्हता. तिनंही अजून मायनर भरला नव्हता, तरी माझ्या यादीत मी तिचं नाव धरलंच नव्हतं. मला स्वतःचे कान धरून ओढावेसे वाटले. जीपनं गोदाकाठ सोडला, दोन्हीकडं ऊस लागला, आणि काका एकदम म्हणाले, "लोकाच्या दारात जाऊन त्यांच्या पोरी मागून राह्यलोय मी." बस, एवढंच.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. काकूनं विचारलं, "सतरंजी टाकू का? कुणाला बोलावायचं?"

"न्हाई," काका म्हणाले. "याला बैठक लागत न्हाई."

त्यांनी वहिनीला हाक मारली. ती पदर सावरत ओसरीच्या दारात आली. मागं माझा चुलतभाऊ येऊन उभा राहिला. त्याची कधीच हरकत नव्हती, पण वडिलांसमोर तोंड उघडायची त्याला सवय नव्हती. काकांनी एकदा घसा साफ केला, मग परत केला.

"तुला जायचंय का कॉलेजात? वर्गात बसायला?"

वहिनी खाली बघत होती. आत कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, ती नाही म्हणाली तर मी इथंच रडेन, आणि हो म्हणाली तरी रडेन.

"आबा, मी लग्नाच्या आधीपासून तेच म्हणून राह्यले," ती म्हणाली. "मला कुनी इचारलंच न्हाई."

चुलतभाऊ पहिल्यांदा बोलला. "मी नेऊन सोडीन स्टँडवर."

"तू गप," काका म्हणाले, पण रागानं नाही. "इचारून राह्यलो ना आता. जायचंय ना? मंग जल्दी कर, ते बंद होतंय."

इंटरनेटला रेंज फक्त गच्चीवर यायची, म्हणून सगळे जिना चढून वर गेलो. गुडघ्याची काकूसुद्धा. वहिनीनं माझ्या मोबाइलवर पोर्टल उघडलं, आपलं नाव शोधलं, मायनरच्या यादीत भाषाविज्ञानावर बोट ठेवलं. ओटीपी मागितला. लग्नानंतर कॉलेजात तिचा नंबर म्हणून काकांचाच नंबर दिलेला होता, त्यामुळं तो काकांच्या खिशात वाजला. काकांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दर आकड्यानंतर थांबून विचारायचे, "टाकला का?" वहिनी म्हणायची, "टाकला." शेवटचा आकडा टाकल्यावर स्क्रीनवर चक्र गोल गोल फिरत राहिलं आणि आम्ही सगळे मोबाइलवर वाकलो. मग हिरवी खूण आली.

मी किंचाळले. खरंच किंचाळले, शेजारच्या गच्चीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. सरांना फोन लावला आणि वीस झाले एवढंच सांगता आलं. सर पलीकडून म्हणाले, "घरच्यांना माझा नमस्कार सांग." काकूनं वर येताना मुठीत आणलेली साखर वहिनीच्या तोंडात घातली आणि तिची साखर खाऊन झाली तरी हात तिच्या गालावरच ठेवला.

वहिनी मात्र अजून मोबाइलकडेच बघत होती. डोक्यावरचा पदर मघाच खांद्यावर उतरला होता आणि तो वर घ्यायचं तिच्या लक्षात नव्हतं, काकांच्याही नव्हतं. तिनं मोबाइल मला परत दिला आणि काकांकडे वळली. ती आता म्हणेल 'आबा, सोमवारी जाऊ का', असं मला वाटलं. या घरात बाहेर पडायचं म्हटलं की तसंच विचारतात, मी असंख्य वेळा ऐकलेलं आहे.

तिनं तसं विचारलं नाही. ती म्हणाली, "आबा, सोमवारी जालन्याची गाडी किती वाजता असते?"

चष्मा काढून खिशात ठेवत काका म्हणाले, "साडेसहाला. पण जागा धरायची तर सहालाच जावं लागतं."